गिटारची मान

सिरिल ट्रँटरच्या कानाला ती चूक खटकली तेव्हा सभागृहात दुसऱ्या कुणाच्या ती लक्षातही आली नसेल. वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये लॅम्पलाइटर्स बँडचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता. खाली पोरंपोरी खुर्च्यांवर उभी राहून किंचाळत होती, आणि वर सज्जात सिरिल बायकोशेजारी, गुडघ्यावर टोपी ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा बसला होता. त्याचा मुलगा ट्रेव्हर खाली रंगमंचावर डाव्या अंगाला उभा राहून वाजवत होता. सूर एकेक पायरी वर चढत चालले होते, आणि मध्येच त्यातली एक पायरी गळाली. तिच्या जागी नुसतीच खरखर आली.

"घोडी सरकली," सिरिल आयव्हीच्या कानाशी लागून म्हणाला.

"कुठली घोडी?"

"गिटारची गं. तारा टेकतात ती. मी तेव्हाच म्हणत होतो, पितळेची नको म्हणून..."

"सिरिल, लोकांनी पैसे मोजलेत ऐकायला. गप्प बस."

तो गप्प बसला. पण पुढे त्याला गाणं म्हणून काही ऐकूच आलं नाही. गिटार तेवढी ऐकू येत राहिली. आपण तयार केलेलं यंत्र दुसऱ्या खोलीत चालू असलं आणि त्यात कुठे काही खुटखुटलं, की हातातलं काम सोडून माणूस कान टवकारतो, तसं त्याचं झालं.

कारण ती गिटार त्याचीच होती. म्हणजे त्याची आणि पोराची. विलेनहॉल हे कुलपांचं गाव, आणि सिरिल तिथल्या एका कारखान्यात साचे आणि हत्यारं बनवायचा. बासष्ट सालच्या त्या भयंकर हिवाळ्यात, कालवा गोठून दगड झाला होता तेव्हा, पंधरा वर्षांचा ट्रेव्हर त्याला वाद्यांच्या दुकानासमोर घेऊन गेला. काचेआड लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार टांगली होती. सिरिलने काचेला नाक लावून ती बराच वेळ निरखली. पोराला वाटलं, बापाला आवडली.

"ह्यात आहे काय?" सिरिल म्हणाला. "फळी आहे आणि तारा आहेत. चल घरी, आपण करू."

कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्याचं तेव्हा नूतनीकरण चाललं होतं. महोगनीचा जुना काउंटर मालकाने बाहेर बर्फात फेकून दिला होता. बापलेकांनी तो दोरीने ओढत घरी आणला. दोन पिढ्यांची बिअर त्या लाकडात मुरलेली. करवत चालली की लाकूड तापायचं आणि परसातली सगळी शेड घमघमायची. "इतकी वर्षं ह्या माणसाला गुत्त्यातून घरी आणायला मी धडपडले," आयव्ही शेजारणीला सांगायची, "आता गुत्ताच घरी आलाय." गिटारच्या आत बसवायच्या चुंबकांवर केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळायची होती. ते काम सिरिलने आयव्हीच्या शिवणयंत्रावर करायला घेतलं आणि तार तटातट तुटू लागली. शेवटी आयव्हीनेच त्याला खुर्चीवरून उठवलं आणि पाय मारत स्वतः तार गुंडाळली. जराशी वेडीवाकडी बसली ती. पुढे जाणकार लोक म्हणायचे की ह्या गिटारचा तो रडवेला, घोगरा आवाज त्या वेड्यावाकड्या गुंडाळण्यामुळेच आहे. घोडी आणि खुंट्या सिरिलने कारखान्यातल्याच यंत्रावर, मुकादमाची पाठ वळली की केल्या. असल्या चोरट्या घरकामाला तिथे सगळे 'फॉरिनर' म्हणत, आणि मुकादमाचे स्वतःचेही चालूच असत.

मानेला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. डाव्या हाताच्या मुठीत येते ती गिटारची मान. बोटं तिच्यावर पुढून पडतात आणि अंगठा मागून टेकतो. सिरिल थोडं तासायचा, पोराच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मूठ मिट. उघड. बोचतंय कुठे?" पोरगं म्हणायचं, "इथे." मग पुन्हा थोडं तासायचं. ती मान शेवटी जाडजूड झाली, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसतच नसे. ट्रेव्हरच्या हातात अशी बसायची की जणू तो ती घेऊनच जन्मला होता.

पुढे लॅम्पलाइटर्स झाले, रेकॉर्डी निघाल्या, त्या जर्मनीत आणि जपानमध्ये खपल्या. ट्रेव्हरकडे चांगल्या-चांगल्या कंपन्यांच्या गिटारी आल्या आणि पेटीत पडून राहिल्या. वाजवायचा तो हीच. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं, ही कुठल्या कंपनीची, तर तो म्हणायचा, "ट्रँटर अँड सन." सिरिलने ते कात्रण कधी कुणाला दाखवलं नाही. कारखान्यात मात्र ते सगळ्यांनी आधीच वाचलेलं असायचं.

तर सिव्हिक हॉलच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी ट्रेव्हर लंडनहून गाडी घेऊन आला, आणि जेवण झाल्यावर त्याने गिटारची पेटी टेबलावर ठेवली.

"डॅड, जरा बघतोस का? खरखरतेय."

"माहितेय मला. घोडी."

"असेल."

"असेल काय, आहेच. मी सज्जातून ऐकली."

सिरिल गिटार उचलून शेडमध्ये गेला तो संध्याकाळच्या चहालाच बाहेर आला. त्या उन्हाळ्यात कारखान्याने माणसं कमी केली होती, त्यात सिरिलही होता. हातात एक घड्याळ आणि पाठीवर एक थाप देऊन त्यांनी त्याला घरी पाठवलं होतं. तेव्हापासून तो घरभर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरायचा. दारं कुरकुरत नसताना त्यांना तेल घालायचा. आयव्हीची किटली दोनदा उघडून दोनदा बिघडवली होती. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शेडमधून शिट्टी ऐकू आली. स्वयंपाकघरात बशा पुसता पुसता आयव्ही आणि ट्रेव्हरने एकमेकांकडे पाहिलं.

"बघ, वाजवतोय," आयव्ही म्हणाली. "बरं झालं तू आणलीस ती."

ट्रेव्हरने पुढची बशी उचलली.

नवी घोडी पोलादाची केली. पंधरा दिवसांनी ट्रेव्हर परत आला. "बरी आहे," म्हणाला, "पण अजून..." मग सिरिलने पडदे काढले. मानेवर आडवे बसवलेले धातूचे ते बारीक पडदे सगळे उपटून नवे ठोकले आणि कानशीने घासून एका पातळीत आणले. पुन्हा तेच. "बरी आहे, पण..." मग तारा बदलल्या. मग खुंट्या. थंडी पडेपर्यंत गिटार दर दोन-तीन आठवड्यांनी घरी येऊ लागली. आधी वर्षातून दोनदा दिसणारा पोरगा आता दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी जेवायला असायचा, आणि आयव्ही मटणाचा मोठा तुकडा आणू लागली.

ती मात्र त्याच्या हाताकडे पाहायची. डाव्या हातात चहाचा कप, ठीक. सदऱ्याची बटणं, ठीक. बटाटे सोलायला दिले तर सालीची एकच लांब पट्टी काढून तिने वाढवलेल्या पोराला शोभेल असे सोलले. हाताला काही नव्हतं. मग एका रविवारी ती कोळसा आणायला परसात गेली, तेव्हा शेडच्या खिडकीतून तिला दिसलं. सिरिल पाठमोरा, टेबलावर काहीतरी शोधत होता. ट्रेव्हर स्टुलावर बसून गिटार वाजवून पाहत होता. आणि त्याची शेवटची दोन बोटं, अनामिका आणि करंगळी, हळूहळू वाकत तळहातात जाऊन बसली. बाळाची बसतात तशी. ट्रेव्हरने ती उजव्या हाताने उचकटून सरळ केली, तारेवर ठेवली. ती पुन्हा वळली.

सिरिल वळायच्या आत ट्रेव्हरने गिटार खाली ठेवली होती.

"डॉक्टरला दाखवलंस?" रात्रीच्या परतीला तो गाडीत बसत असताना आयव्हीने खिडकीशी वाकून विचारलं.

तो दचकला. मग म्हणाला, "लंडनमधल्या मोठ्याला दाखवलंय. सुया टोचल्या, हातोडीने ठोकलं. हात ठणठणीत आहे म्हणतो. मनावर ताण आहे. समुद्रकाठी जा, फिरा, लग्न करा."

"लग्नाने बोटं सरळ होतात?"

"त्याची झाली असतील."

दोघं हसले, आणि हसता हसता आयव्हीचे डोळे भरले. "डॅडला सांग," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं मॉम."

तो समुद्रकाठी गेलाही. लँडुडनोला आयव्ही त्याच्याबरोबर आठवडाभर राहिली. वारं खाल्लं, बाकावर बसून तळलेला मासा खाल्ला, म्हाताऱ्यांचा बँड ऐकला. रंग सुधारला त्याचा. परत आल्यावर गिटार मांडीवर घेतली, आणि ती दोन बोटं हुकूम मिळाल्यासारखी आत वळली.

सिरिलचा हिशेब वेगळाच चालला होता. पोराच्या हाताला काही झालेलं नाही हे तोही बघत होताच. कप धरतो, बटणं लावतो, गाडी चालवतो. म्हणजे दोष हातात नाही. हातात नाही तर गिटारमध्ये आहे. आणि घोडी झाली, पडदे झाले, तारा झाल्या, तर उरलं काय? मान. पंधरा वर्षांच्या पोराच्या मुठीला केलेली ती मान आता एकोणतीस वर्षांच्या पुरुषाला कशी चालेल? इतके दिवस आपल्या डोक्यात हे आलं कसं नाही, म्हणून त्याने स्वतःला शिव्या घातल्या आणि रंधा काढला.

"मूठ मिट," तो ट्रेव्हरला म्हणाला. "उघड. बोचतंय कुठे?"

ट्रेव्हरने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "इथे," तो म्हणाला, आणि मानेच्या मागच्या फुगीर भागावर बोट ठेवलं.

त्या हिवाळ्यात ती मान चारदा तासली गेली. शेवटी ती इतकी पातळ झाली की आतून घातलेली पोलादी सळई आता हाताला लागते की काय असं वाटायचं. तारांचा ताण सहन होईना. सकाळी सुरात लावलेली गिटार दुपारी बेसूर झालेली असायची. सिरिलला हे कळत होतं. लाकूड कुठवर साथ देतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पण पोरगं म्हणायचं "जरा बरी आहे", आणि त्या 'जरा'च्या मागे तो गेला.

मार्चमध्ये एका दुपारी शेडमध्ये रॉकेलचा शेगडा धगधगत होता. सिरिलने तारा चढवल्या, गिटार त्याच्या हातात दिली आणि ह्या वेळी शोधाशोध करायला पाठ फिरवली नाही. समोरच बसला.

"वाजव."

"नंतर वाजवतो. चहा..."

"आत्ता वाजव, ट्रेव्ह."

ट्रेव्हरने वाजवायला घेतलं. पहिले चार सूर नीट आले, खणखणीत. मग अनामिका थरथरली आणि वळायला लागली. तिच्यामागे करंगळी. ट्रेव्हरच्या कपाळावर घाम आला, दात आवळले गेले, पण तो थांबला नाही. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"सोड," सिरिल म्हणाला. "सैल सोड. ताण देतोयस तू."

"मी काहीच देत नाहीये, डॅड."

सिरिल पुढे सरकला. त्याने आपल्या जाड, तेलकट बोटांनी मुलाचं ते बोट धरलं, सरळ केलं आणि तारेवर जिथे पाहिजे तिथे दाबून ठेवलं. "आता छेड."

ट्रेव्हरने उजव्या हाताने तार छेडली. सूर निघाला, स्वच्छ, लांब. दोघांनी मिळून काढलेला तो सूर शेडमध्ये भरून राहिला, आणि तो चालू असतानाच सिरिलला आपल्या हाताखाली ते बोट खेचताना जाणवलं. त्याने जन्मभर कुलपांच्या स्प्रिंगा वाकवल्या होत्या. कुठली किती जोराने उलटेल हे त्याला चिमटीतच कळायचं. हे तसं नव्हतं. ह्यात जोर होता, आणि तो पोराचा नव्हता. पोरगं तर समोर बसून हताश होऊन त्या बोटाकडे पाहत होतं, दुसऱ्याच्या बोटाकडे पाहावं तसं.

त्याने हात काढला. बोट वळून तळहातात गेलं.

"कधीपासून?"

"सिव्हिकच्या आधीपासून."

"दुसऱ्या गिटारवर?"

"सगळ्यांवर. बँडमधल्या डॉमची पाहिली, दुकानातल्या पाहिल्या. सगळीकडे तेच."

सिरिल उठला. शेगड्याची वात कमी केली, मग पुन्हा वाढवली. "मग मला घोडी का बदलू दिलीस?" त्याने विचारलं. "पडदे उपटले मी. मान तासली, अरे, मान! चौदा वर्षं मुरलेली होती ती. पार वाट लावली मी तिची. तू बसून बघत होतास!"

"तू शिट्टी वाजवत होतास, डॅड."

सिरिलला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो टेबलावरचे लाकडाचे छिलके हाताने गोळा करायला लागला, आणि गोळा करून कुठे टाकावेत हे न सुचून तसाच मूठ धरून उभा राहिला.

"आणि मलाही वाटायचं," ट्रेव्हर हळू म्हणाला, "कुणी सांगावं, एखाद वेळी मानेचाच दोष असेल."

ह्यानंतर सिरिल हरला असं नव्हे. पुढचा महिनाभर तो पितळेची एक नाजूक खोळ करत बसला होता, बोटावर चढवायची, सांध्यांसकट. काम इतकं सुबक की सोनाराने हातात घेऊन पाहावं. ती चढवल्यावर अनामिका सरळ राहिली आणि मधलं बोट वळायला लागलं. त्याने मधल्या बोटाची केली. मग अंगठा. ट्रेव्हरने सगळं निमूटपणे चढवून पाहिलं, आणि एके दिवशी हात पुढे न करता म्हणाला, "पुरे आता, डॅड." एवढंच. रागावून नाही. सिरिलने त्या खोळी काढून डब्यात ठेवल्या.

डॉम आला तेव्हा बागेत वाटाण्याचे वेल काठीवर चढले होते. डॉमिनिक फेअरली, लॅम्पलाइटर्सचा गायक. एके काळी ह्याच गल्लीत गुडघे फोडून घेतलेला पोरगा. आता केस खांद्यापर्यंत, अंगात मखमली कोट. आयव्हीने त्याच्यासमोर केकची बशी ठेवली आणि तो लहानपणी बसायचा तसा खुर्चीच्या कडेवर बसला.

"अमेरिकेचा दौरा पक्का झालाय, मिसेस ट्रँटर," तो म्हणाला. "दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्यांदा ढकलला तर ते लोक सोडणार नाहीत."

"मग जा की. कोण अडवतंय?"

"एक मुलगा मिळालाय. एडन म्हणून, स्टॉकपोर्टचा. हात चांगला आहे. ट्रेव्हसारखा नाही, पण चांगला. फक्त..." त्याने केकचा तुकडा बशीत इकडून तिकडे केला. "आवाज येत नाही तो. लोक ज्या आवाजाला येतात तो दुसऱ्या कुठल्याच गिटारमधून निघत नाही."

आयव्हीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. "म्हणजे माझ्या मुलाला इथे ठेवायचं आणि त्याची गिटार न्यायची? लाज नाही वाटत रे डॉमी तुला? ह्याच टेबलावर ब्रेड आणि चरबी खाऊन मोठा झालास!"

"मॉम," ट्रेव्हर दाराशी उभा होता, "मीच सांगितलं त्याला."

डॉमने मान खाली घातली होती. तो खरंच रडत होता, आणि त्याचं रडणं बघून आयव्हीला जास्तच राग आला, कारण आता त्याला धड शिवीही देता येईना.

"ती वाजली पाहिजे ना," ट्रेव्हर म्हणाला. "पेटीत ठेवून काय करू?"

सिरिल इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. "ती वाजणार नाही," तो म्हणाला. "तिची मान गेलीय. मी घालवली." मग तो म्हणाला, "नवी करावी लागेल."

शेडमध्ये रंगाच्या डब्यांखाली त्या काउंटरची एक फळी अजून होती. ती खाली काढली, डब्यांचे गोल डाग रंध्याने घालवले. लाकडाला अजून वास होता. काम करताना ह्या वेळी त्याने शिट्टी वाजवली नाही.

एडन आला तो बाराच्या गाडीने, पाठीला पिशवी आणि तोंडावर पुटकुळ्या. विशीतला, लांब हातांचा, घाबरलेला. ट्रेव्हरला पाहून त्याने घाईघाईने पिशवी खाली ठेवली.

"मी तुमच्या रेकॉर्डींवरूनच शिकलो, मिस्टर ट्रँटर. प्रत्येक सूर."

"मग चुकाही पाठ असतील," ट्रेव्हर म्हणाला. "चल, डॅड वाट बघतोय. तो खवचट बोलेल, मनावर घेऊ नकोस. चहात साखर?"

सिरिलने त्या फळीची नवी मान करून गिटारला बसवून ठेवली होती. मागची बाजू मुद्दाम जाड सोडली होती. त्याने त्या अनोळखी पोराचा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठा ताणून पाहिला. पंजा मोठा होता. बोटं जिथे सांगितली तिथे गेली आणि जिथे सांगितलं तिथे थांबली. सिरिलने हात चटकन सोडून दिला.

"मूठ मिट," तो म्हणाला. "उघड. बोचतंय?"

"थोडं. इथे, अंगठ्यापाशी."

"थोडं म्हणजे किती? जीभ आहे ना तोंडात?"

"बरंच."

रंधा फिरला. पुन्हा मूठ. पुन्हा रंधा. ट्रेव्हर चहाचे कप घेऊन आला आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला. दुपार झाली. सिरिलने शेवटी काचकागदाचा हात मारला, तारा चढवल्या आणि गिटार पोराकडे दिली. एडनने एकदा ट्रेव्हरकडे पाहिलं; ट्रेव्हरने मान हलवली. मग तो वाजवू लागला. आधी बिचकत, आणि मग विसरून. तो घोगरा, रडवेला आवाज, एका आख्ख्या वर्षात त्या शेडने न ऐकलेला, वर चढत गेला आणि कुठेही अडखळला नाही.

"अगदी हातातलीच आहे!" एडन म्हणाला. "कुठेच बोचत नाही!"

आणि सिरिलच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याला ते आवरता आलं नाही. चाळीस वर्षं दात्यात दाता बरोबर बसला की यायचं तेच, आपसूक, कानापर्यंत. "बसली!" तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "कशी बसली बघ!" आणि बघ म्हणताना तो दाराकडे वळला.

ट्रेव्हरही हसत होता. बापाच्या आनंदात आनंद मानणाऱ्या माणसाचं ते हसू होतं, आणि ते त्याने बराच वेळ तसंच चेहऱ्यावर धरून ठेवलं. सिरिलचं मात्र जिथल्या तिथे विझलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण ट्रेव्हर म्हणाला, "छान झाली, डॅड," आणि रिकामे कप उचलून घरात गेला.

लॅम्पलाइटर्स अमेरिकेला गेले आणि तिकडेच मोठे झाले. ट्रेव्हरने लंडनची खोली सोडली आणि घरी मागच्या खोलीत राहायला आला. डॉम त्याला गाणी लिहायला सांगत होता, पण गिटार हातात न घेता गाणं सुचायचं कसं हे ट्रेव्हरला माहीत नव्हतं. एका बेकरीत त्याने पावाची गाडी चालवायचं काम धरलं. पहिले काही महिने दारोदारच्या पोरी त्याची सही मागायच्या आणि तो पावाच्या पुड्यावर द्यायचा. मग कुणी मागेनासं झालं. दुसरे डॉक्टर झाले, सुया टोचणारा एक चिनी झाला, हात ठेवून प्रार्थना करणारी एक बाई झाली. सगळ्यांनी हात पाहिला आणि चांगला म्हणून सांगितलं.

एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ते दिसले. कुठल्यातरी मोठ्या मैदानात, हजारो लोकांसमोर. एडनचे केस वाढले होते. कॅमेरा गिटारवर आला तशी आयव्ही बंद करायला उठली.

"राहू दे, मॉम," ट्रेव्हर म्हणाला.

तिघांनी ते गाणं पूर्ण ऐकलं. सिरिल खुर्चीच्या हाताकडे बघत होता. गाणं संपून बातम्या लागल्या, तेव्हा ट्रेव्हर उठला आणि अंगात कोट चढवला.

"डॅड, गाडीचं मागचं दार अडकतंय. जरा येऊन बघतोस?"

सिरिल लगेच उठला. बाहेर अजून उजेड होता. गल्लीत पोरं चेंडू खेळत होती. त्याने गाडीचं दार दोनदा उघडलं, लावलं, बिजागरीशी वाकून पाहिलं. एक स्क्रू ढिला झाला होता. तो आवळला, बोटभर ग्रीस लावलं आणि दार सोडलं. ते आपलं आपण, मऊ आवाज करून बसलं. आयव्हीची किटली उकळायच्या आतलं काम.

ट्रेव्हरने एकदा उघडून पाहिलं. "झालं की," तो म्हणाला.

सिरिल हात पुसत तिथेच उभा राहिला. गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्याने ते दारही हलवून पाहिलं. ते चांगलं होतं. पुढची दोन्ही चांगली होती.

"अजून काही आहे?" त्याने विचारलं. "असलं तर सांग. आत्ताच बघतो."

"नाही, डॅड," ट्रेव्हर म्हणाला. "एवढंच होतं."